एक बटण मागं

कडोलकर सर आमच्या दारात पहिल्यांदा आले ते हातात एक पांढरी यूएसबी केबल घेऊन. बेंगळुरूतल्या येलहंकाच्या त्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि ते बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये, मुलाकडे. लिफ्टमध्ये दोनतीनदा नमस्कार झाला होता, तेवढीच ओळख. मी इलेक्ट्रॉनिक्समधली आहे हे त्यांना वॉचमननं सांगितलं होतं. अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, पायात मात्र घरातल्या स्लिपर. आत या म्हटलं तर आले नाहीत. दारातूनच केबल पुढं करून म्हणाले, “ही वायर बघ की जरा. ह्या टोकाचं त्या टोकाला सांगतच नाही.”

केबल चार्जिंगची होती. स्वस्तातल्या केबलींमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. वरून बघून काही कळत नाही. उलट समोरच्या बोर्डावरचा दिवा लागतो आणि आपल्याला वाटतं, जोडणी झाली. मी त्यांना ड्रॉवरमधली दुसरी केबल दिली. ते वर गेले आणि थोड्या वेळानं परत आले. ह्या वेळी आत येऊन खुर्चीवर टेकले. काम झालं होतं, पण त्यांचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा होता. एवढे दिवस ते स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले होते. “दिवा लागला होता गं,” ते म्हणाले. “दिवा लागला की माणूस पुढचं बघायला लागतो.”

सत्तरीच्या या माणसाला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम घालून चालवायचा तो छोटा बोर्ड, कशाला हवाय, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. मला वाटलं, निवृत्तीनंतरचा छंद असेल. बेंगळुरूत असे छंद लागलेले आजोबा बरेच दिसतात. खरं कारण मला पुढच्या रविवारी कळलं, केबल परत द्यायला त्यांनी मला वर बोलावलं तेव्हा.

हॉलमध्ये खिडकीपाशी विमलकाकू बसल्या होत्या. पाठीला उशा, मांडीवर नॅपकिन. मला बघून त्यांचे डोळे हसले, ओठ हलले आणि एक लांबट, ओला आवाज आला. शब्द कुठला ते कळलं नाही. सर म्हणाले, “बस म्हणत्येय.” काकूंनी मान हलवून नाही म्हटलं. मग सरांनी चहा, पाणी, पंखा असे एकेक शब्द सुचवून पाहिले. काकूंनी प्रत्येकाला नाही म्हटलं आणि शेवटी डोळे मिटून घेतले. त्या काय म्हणत होत्या ते मला आजही माहीत नाही.

त्यांना मोटर न्यूरॉनचा आजार होता. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. बुद्धी, स्मरण, ऐकणं, स्पर्श, सगळं जागच्या जागी राहतं, फक्त शरीर ऐकेनासं होतं. काकूंचा आधी आवाज गेला, मग हात गेले. बेळगावच्या डॉक्टरांनी बेंगळुरूला पाठवलं, इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की औषध नाही. म्हणून ते दोघं निपाणीकडचं घर बंद करून मुलाकडे येऊन राहिले.

सर तिकडे मराठी शाळेत गणित शिकवायचे. काकू शाळेत नव्हत्या, पण सगळ्या गावाला त्यांचं बोलणं माहीत होतं. त्या बसमध्ये शेजारच्या बाईशी बोलत, नळाशी बोलत, उतू जाणाऱ्या दुधाशी बोलत. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, मधेच एखादी ओवी. सर समोर वह्या तपासत बसलेले असायचे आणि ‘हं’ म्हणायचे. हे मला सरांनीच सांगितलं. सांगताना त्यांनी स्वतःला दोष वगैरे दिला नाही. एखाद्या गावात नदी कुठून वाहते ते सांगावं तसं सांगितलं.

काकूंच्या उजव्या हाताचा अंगठा अजून हलत होता. सरांची कल्पना साधी होती. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी दाखवायच्या, उजेडाचा एक चौकोन एकेका अक्षरावरून सरकत जाईल, हवं ते अक्षर आलं की काकूंनी अंगठ्यानं एक बटण दाबायचं. पडद्याचा भाग तयार मिळत होता. अडचण बटणाची होती. बाजारातली बटणं काकूंच्या अंगठ्याला जड होती. म्हणून सरांना हलकं बटण करून ते एका छोट्या बोर्डाला जोडायचं होतं आणि तो बोर्ड लॅपटॉपला असा भासवायचा होता की जणू कीबोर्डच लावलाय.

मी म्हटलं, सर, मी एका संध्याकाळी करून देते. माझं रोजचंच काम आहे.

त्यांनी मानेनं नाही म्हटलं. मग म्हणाले, “तू करून दिलीस तर आजचं भागेल. उद्या तिचा अंगठा नाही हलला तर मी परत तुझ्या दारात. परवा परत. तू कामावर असशील, परदेशात असशील. मला शिकव.”

अशी मी त्यांची शिक्षिका झाले.

विद्यार्थी म्हणून ते अवघड होते. पहिल्याच धड्याला त्यांनी मला थांबवलं. मी सांगत होते की यूएसबीला काहीही लावलं की कॉम्प्युटर आधी विचारतो, तू कोण आहेस. लावलेल्या वस्तूनं स्वतःची ओळख सांगायची असते, मी कीबोर्ड, मी माऊस, मी पेनड्राइव्ह. त्यांनी एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या बोर्डावर मधे दुसरीच एक चिप होती. ती बोर्डाच्या वतीनं भलतंच उत्तर द्यायची, त्यामुळे तो बोर्ड कधीच कीबोर्ड होऊ शकला नसता. सर म्हणाले, “म्हणजे मुलाखतीला दुसराच माणूस बसलाय.” आणि मला म्हणाले की हे तू आधी सांगायला हवं होतंस, तारांच्या आधी. धड्याचा क्रम चुकला तुझा. त्यांचं बरोबर होतं.

प्रोग्रॅममध्ये चूक झाली की कॉम्प्युटर लाल अक्षरांत इंग्रजीत ओरडतो. त्या ओरडण्याला ते घाबरत नसत, त्याचा त्यांना राग येई. चूक दहाव्या ओळीत असायची आणि तो बोट बाराव्या ओळीवर ठेवायचा. सर म्हणत, हा मास्तर नापास आहे, मुलाला चुकलास म्हणतो आणि कुठं ते धड सांगत नाही. एकदा त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक अट राहून गेली आणि बोर्ड न थांबता टाइप करत सुटला. लॅपटॉपवर जे उघडं होतं त्यात नुसत्या रिकाम्या जागा उमटत गेल्या, मुलाचं ऑफिसचं अर्धवट पत्रही त्यात वाहून गेलं. मुलगा चिडला. काकू मात्र त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि रत्नम्माला धावत यावं लागलं. रत्नम्मा म्हणजे काकूंचं सगळं करणारी बाई. त्यांना अम्मा म्हणायची, सरांना सार. काकूंच्या डोळ्यांवरून तिला जे कळायचं ते घरात दुसऱ्या कुणाला कळत नसे.

मधे सरांनी महादेवपुऱ्यातला एक वर्गही लावून पाहिला. रविवारी सकाळी दोन बस बदलून जायचे. वर्गात सगळी नोकरी शोधणारी पोरं. शिकवणारा हिंदी-इंग्रजीतून भराभर बोलायचा, सगळ्यांचे दिवे लुकलुकवून घ्यायचा आणि पुढं जायचा. सरांनी विचारलं की हा दिवा का लागतो, तर तो म्हणाला, अंकल, परीक्षेला हे येत नाही. सर तिसऱ्या रविवारी गेले नाहीत.

‘का’ हा त्यांचा जुना आजार होता. शाळेत म्हणे ते उत्तर बरोबर आलं तरी खूण करायचे नाहीत. मुलाला उभं करायचे आणि विचारायचे, का बरोबर आहे ते सांग. सांगता आलं तरच पेन टेकवायचे. चाळीसएक वर्षं त्यांनी हे केलं होतं आणि त्यांची मुलं त्यांना त्याबद्दल अजून मानत होती.

पहिलं बटण चाललं तो दिवस मला आठवतो. प्लॅस्टिकच्या साबणदाणीत बसवलेलं, वरून मऊ स्पंज चिकटवलेलं ते बटण त्यांनी काकूंच्या अंगठ्याखाली सरकवलं. उजेडाचा चौकोन ओळींवरून फिरू लागला. काकूंनी दाबलं. पडद्यावर ‘प’ आला. सर माझ्याकडे बघेनात, कुणाकडेच बघेनात, फक्त पडद्याकडे. खूप वेळानं शब्द पुरा झाला. पंखा.

सर उठले, पंखा लावला आणि पंख्याच्या बटणाजवळच उभे राहिले. पाठ आमच्याकडे. मला वाटतं त्यांनी दुसऱ्या कशाची तरी वाट पाहिली होती. मागं काकूंनी पुढचा शब्द सुरू केला होता. तो होता ‘हळू’.

नंतरचे काही आठवडे त्या घरातले सगळ्यात बरे म्हणायला हवेत. काकू लिहायच्या. मिक्सरचं झाकण. निळी साडी रत्नम्माला. कढीपत्ता जळतोय. एवढ्याशा वाक्याला अर्धा तास लागे आणि तोवर कढीपत्ता जळून गेलेला असे, पण त्या वाक्य सोडत नसत. सर शेजारी बसून प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचत. तेव्हा त्यांना सुचलं की नेहमी लागणारे शब्द पहिल्या ओळीत आयते ठेवावेत, म्हणजे एका दाबात येतील. त्यांनी ठेवले, पाणी, कूस, दुखतंय, डॉक्टर. काकूंनी ते पाहिले आणि बऱ्याच वेळानं लिहिलं, काढा. मग कुठले ठेवू, असं सरांनी विचारलं. काकूंनी लिहिलं, तुम्हीच सांगा.

सर खाली माझ्याकडे आले. त्यांनी मला विचारलं की ती जास्त काय बोलायची, कुठले शब्द. मी काय सांगणार? मी काकूंचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ते म्हणाले, होय की, तुला कसं माहीत असेल. मग थोडा वेळ माझ्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर फिरवत बसले. वर जाऊन त्यांनी पहिली ओळ रिकामी ठेवली. पुढं काकूंनी स्वतःच तिथं दोन शब्द घालून घेतले. नको. असू दे.

त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती. बटण दाबल्यावर किती वेळ वाट पाहून तो दाब खरा मानायचा, त्याचा आकडा तिथं होता. अंगठा मंद होत गेला तसा सर तो आकडा वाढवत गेले. वर गेले की मी आधी ती ओळ बघायचे. डॉक्टरांच्या कागदांपेक्षा त्यावरून लवकर कळायचं.

मग अंगठा कापायला लागला. एकदा दाबलं की बोर्डाला दोनतीनदा दाबल्यासारखं वाटे. काकूंना ‘क’ हवा असायचा आणि ‘ककक’ यायचं, ते पुसायला परत तेवढेच दाब. त्या थकून जायच्या. सरांनी कुठूनतरी शोधून चार ओळी आणल्या, आपल्या प्रोग्रॅममध्ये घातल्या आणि गोष्ट सुटली. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं, थरथरवून, पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एका दाबाला एकच अक्षर. मी म्हटलं, छान झालं, लावा आता.

ते म्हणाले, “का चाललं ते मला कळलं नाही अजून.”

मी त्यांना सांगितलं की ते मी नंतर समजावते, आज लावून टाका. त्यांनी मान हलवली. पण न समजता लावलेलं उद्या बिघडलं तर ते दुरुस्त कसं करणार, ह्यावर ते अडून बसले. त्या चार ओळी त्यांनी काढल्या आणि पहिल्यापासून स्वतः लिहायला घेतल्या. कागदावर आकृत्या काढल्या, बटणाच्या आतल्या पत्र्या कशा उडतात ते भिंग घेऊन पाहिलं. आठवडाभर ते त्यातच होते. मला त्यांचा राग येत होता आणि कौतुकही वाटत होतं. शुक्रवारी त्यांना सगळं समजलं. त्यांनी मला ते इतकं सुंदर समजावून सांगितलं की मी ऑफिसात नव्या मुलांना आजही तसंच सांगते. शनिवारी त्यांनी साबणदाणी काकूंच्या हाताखाली ठेवली. चौकोन फिरत राहिला. काकू अंगठ्याकडे बघत होत्या, आम्ही सगळेच बघत होतो. तो हलला नाही.

डॉक्टर म्हणाले की तो तसाही जाणार होता, चारसहा दिवसांनी काय फरक पडतो. सरांनी ते ऐकून घेतलं. दवाखान्यातून परत येताना लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, “मी एक बटण मागं आहे. ती जिथं असते तिथं मी पोचतो तेव्हा ती तिथं नसते.”

त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ‘का’ ऐकला नाही. मिळेल तिथून प्रोग्रॅम उचलायचे, जोडायचे, चालला तर ठेवायचे. मी एकदा एका ओळीचा अर्थ सांगायला गेले तर हात वर करून म्हणाले की राहू दे, चाललंय ना. गणिताच्या मास्तरांच्या तोंडी ते वाक्य ऐकून मलाच कसंतरी झालं.

आता काकूंची हनुवटी उरली होती. मुलाकडे खेळायचा एक जुना यूएसबी जॉयस्टिक होता, दांडी हलवायचा. तो काकूंच्या हनुवटीखाली बसवायचं ठरलं. पण हनुवटीलाही कंप होता, तेव्हा जॉयस्टिकचं म्हणणं आधी आपल्या बोर्डानं ऐकायचं, त्यातला कंप गाळायचा आणि उरलेलं लॅपटॉपला सांगायचं, असा मार्ग होता. ह्यात बोर्डाची भूमिका उलटी होते. एरवी तो पाहुणा असतो, कॉम्प्युटर विचारतो आणि तो उत्तर देतो. आता जॉयस्टिक पाहुणा आणि बोर्ड यजमान. त्यानं विचारायचं, तू कोण. त्यानं वीज पुरवायची. हे प्रकरण किचकट आहे, मी स्वतः नोकरीत त्याला कंटाळलेली आहे. ह्या वेळी मी सरांना न विचारता बराचसा प्रोग्रॅम लिहून दिला आणि त्यांनीही काही न बोलता घेतला.

जॉयस्टिक चालला. काकूंनी हनुवटीनं लिहिलेलं पहिलं वाक्य मला पाठ आहे, कारण सर ते अक्षर अक्षर वाचत असताना मी समोर होते. आमचे यजमान यजमान व्हायला शिकले. रत्नम्माला तिच्या भाषेतही ‘यजमान’ म्हणजे नवरा, त्यामुळे तिला विनोद सांगावा लागला नाही. ती पदर तोंडाला लावून हसली. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य परत एकदा वाचलं, मनातल्या मनात, आणि म्हणाले, “हिला सगळं कळत होतं. मी काय करालोय ते रोज सांगायचो तिला, वाटायचं ऐकत नसेल.”

जॉयस्टिक जेमतेम महिनाभर चालला. मधल्या काळात मुलानं डोळ्यांवर चालणारं महागडं यंत्र मागवलं. कुठं बघताय ते ओळखून तो शब्द उचलणारं. सरांनी विरोध केला नाही, स्वतः ते स्टँडवर बसवलं. पण काकूंच्या एका डोळ्यात लहानपणापासूनचा तिरळेपणा होता. यंत्राला त्यांची नजर सापडेना. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, बेळ्ळंदूरहून इथवर यायला अर्धा दिवस गेला म्हणून कुरकुरला आणि शेवटी म्हणाला की ह्या केसमध्ये होणार नाही. यंत्र खोक्यात परत गेलं.

तोवर काकूंच्या नाकातून नळी होती. मान पट्ट्यानं धरलेली. चेहऱ्यावर डाव्या गालाचा एक स्नायू तेवढा हलायचा, हसल्यावर वर येतो तो. सरांनी चष्म्याच्या दांडीला एक बारीक सेन्सर लावला, गालावर उजेड टाकून तो किती वर आला ते मोजणारा. केसाएवढी हालचाल झाली तरी ओळखेल असा. तयार झाल्यावर त्यांनी तो चष्मा आधी स्वतः घालून मला दाखवला. लॅपटॉपसमोर ताठ बसून ते गाल उडवत होते आणि पडद्यावर अक्षरं येत होती. वि, म, ल. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा कुणाला तरी डोळा मारतोय.

शनिवारी सकाळी काकूंना तो चष्मा घातला. मी लॅपटॉप धरून बसले होते. चौकोन फिरू लागला. काकू बघत होत्या. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. सर म्हणाले, असू दे, घाई नाही. तेवढ्यात रत्नम्मा औषधाची वाटी घेऊन आली आणि सरांना तसं वाकून बघताना पाहून काकूंच्या कानाशी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, सार म्हणजे कोंबडीच्या खुराड्यात डोकावणारा बोका दिसतोय असं काहीसं. काकूंचा गाल वर आला. पडद्यावर टक्कन एक अक्षर उमटलं.

आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. सरांनी सेन्सर पाहिला, गाल पाहिला. मग खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले आणि म्हणाले, “विमल, आता कर. कुठलंही कर.”

काकूंनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्या सरांकडे बघत होत्या. नजर रागाची नव्हती. थकलेली होती असंही मला म्हणता येणार नाही. चौकोन पहिल्या ओळीवरून, ‘नको’वरून, ‘असू दे’वरून सरकत गेला, खाली उतरला, परत वर आला. त्यांनी तेही उचललं नाही. सर बसून राहिले. रत्नम्मा वाटी घेऊन आत निघून गेली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग सरांनी हात लांब करून लॅपटॉपची वायर काढली, काकूंचा चष्मा उतरवला, नाकावर उठलेला वळ अंगठ्यानं चोळला आणि त्यांचा साधा चष्मा त्यांना घातला.

मला सोडायला ते जिन्यापर्यंत आले. मी म्हटलं, दमल्या असतील, उद्या बघू.

“येतंय तिला,” ते म्हणाले. “बघितलीस की तू. येतंय, पण करायचं नाही.” कठड्याला धरून ते उभे होते. “माझ्याशी बोलायचं नाही, की कुणाशीच बोलायचं नाही? एवढंच कळलं असतं तरी पुरे होतं.”

मुलानं नंतर प्रयत्न केला, डॉक्टरांनी मनासाठीच्या गोळ्या दिल्या. सरांनी तो चष्मा परत काकूंना घातला नाही. टेबलावरचे बोर्ड, तारा, सोल्डरिंगचं सामान त्यांनी एका खोक्यात भरून गॅलरीत ठेवलं आणि रत्नम्माकडून नळीतून पेज कशी द्यायची ते शिकून घेतलं. मी वर गेले की ते काकूंच्या शेजारी बसलेले दिसत. बोलत नसत. टीव्ही लावलेला नसे. काकू खिडकीबाहेर बघत आणि सर काकू जिकडे बघताहेत तिकडे. हवाई दलाची विमानं इमारतीवरून अगदी कमी उंचीनं जायची तेव्हा काचा थरथरायच्या, तेवढाच आवाज.

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. दुपारची वेळ होती. मी रिंग रोडवर गाड्यांच्या गर्दीत अडकले होते, तिथं मुलाचा मेसेज आला. मी पोचले तोवर त्यांना घेऊन गेले होते. रत्नम्मा पलंगावरची चादर काढत होती. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं की शेवटी काही त्रास झाला नाही, डोळे उघडेच होते. मग चादर हातात तशीच धरून ती खाली बसली.

तेराव्यानंतर एकदा सर माझ्याकडे आले. चहा घेतला. मुलाला कंपनी परदेशी पाठवत होती, तो कुटुंबासह जाणार होता. निपाणीकडे एकट्यानं राहू द्यायला तो तयार नव्हता, म्हणून देवनहळ्ळीच्या पुढं म्हाताऱ्या माणसांसाठीची एक वसाहत बघितली होती. सरांनी हे सगळं सरळ आवाजात सांगितलं. खोली हवेशीर आहे म्हणाले. जेवण बेताचं. मराठी कुणी नाही, पण कन्नड येतंय की आपल्याला. मग कप खाली ठेवताना त्यांनी विचारलं, “त्या दिवशी चष्मा सरकला असेल काय गं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“म्हणजे तिनं गाल हलवला असेल, आणि सेन्सर जागेवर नसेल. रत्नम्मा वाकली तेव्हा धक्का लागला असेल.”

मी म्हटलं, सरकला असेल सर. असं होतं बऱ्याचदा. प्रोटोटाइपच होता तो.

त्यांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले. मग उठले आणि दाराशी जाऊन चपला घालताना म्हणाले, “तुला खोटं बोलायला येत नाही. पण बोललीस ते बरं केलीस.”

ते गेले त्या दिवशी मी घरून काम करत होते. मीटिंग चालू असतानाच खाली गाडी आल्याचं दिसलं, म्हणून मी कॅमेरा बंद करून गॅलरीत गेले. सामान फारसं नव्हतं, दोन बॅगा आणि एक गादी. बोर्डांचं ते खोकं नव्हतं. सर पुढच्या सीटवर बसले. त्यांनी सीटबेल्ट ओढून घेतला आणि तो अडकवायची जागा शोधू लागले. आधी बाजूला, मग मांडीखाली चाचपलं. पट्टा हातातून दोनदा सुटून मागं गेला. मुलगा दुसऱ्या बाजूनं येऊन बसला, फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्यानं वाकून वडिलांच्या हातातला पट्टा घेतला. सरांनी दोन्ही हात वर उचलले आणि तो लावेपर्यंत ते तसेच धरून ठेवले. पट्टा बसल्यानंतरही हात खाली आणायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. गाडी सुरू झाली, वॉचमननं गेट उघडलं, आणि रस्त्याला लागून ती दिसेनाशी होईपर्यंत मला काचेतून ते हात तसेच दिसत होते.